पंच क्रमांक एक

लाचेच्या सापळ्याची बातमी ठरलेल्या साच्यात येते. अमुक गावच्या तलाठ्याने इतक्या रुपयांची मागणी केली, तडजोडीअंती इतके ठरले, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने रंगेहात पकडले, गुन्हा दाखल. त्या बातमीत पंच, म्हणजे डोळ्यांदेखत घडलेलं पुढे सांगणारे दोन त्रयस्थ साक्षीदार, कुठेच नसतात, आणि नसावेतही. पण पुढे खटला उभा राहतो तेव्हा बराचसा भार या दोन माणसांवर येतो. ते पोलीस नसतात. दुसऱ्याच कुठल्या तरी सरकारी खात्यातले लिपिक, शिक्षक, आरोग्यसेवक असतात. मी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि अशा एका सापळ्यात मी पंच क्रमांक एक होते. सरकारी यंत्रणा आपल्याच आतल्या लाचखोरीशी कशी झुंजते हे मला जेवढं कळलं ते त्या कामातून कळलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

२०१९ चा मे महिना होता. लाचलुचपत विभागाचं गोपनीय पत्र कार्यालयप्रमुखांच्या नावे येतं. शासकीय कामासाठी दोन कर्मचारी पाठवावेत, एवढाच मजकूर. काम कुठलं, कुणाविरुद्ध, काही लिहिलेलं नसतं. साहेबांनी मला आणि लेखा शाखेतल्या एका सहकाऱ्याला बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "जा, आणि कुठे चाललात ते कुणाला सांगू नका." हजेरीपटावर ‘शासकीय कामानिमित्त बाहेर’ अशी नोंद त्यांनी स्वतः केली. पुढे त्या नोंदीचाही उपयोग झाला.

विभागाच्या कार्यालयात एक शेतकरी बसलेला होता. चाळिशीचा, गळ्यात दुपट्टा, मांडीवर कागदांची पिशवी. उपअधीक्षकांनी आमची ओळख करून दिली आणि त्याची तक्रार आम्हाला वाचायला दिली. वाचून झाल्यावर त्यालाही तोंडी सांगायला लावलं, कागद आणि माणूस एकच बोलतात का ते आम्हाला कळावं म्हणून. मग विचारलं, "या दोघांपैकी कुणाशी तुमचं नातं, ओळख, वैर आहे का? पंच म्हणून राहायची तयारी आहे का?" दोघं म्हणजे तक्रारदार आणि आलोसे. आरोपी लोकसेवकाचं हे संक्षिप्त रूप त्या कार्यालयात सतत कानावर पडतं.

प्रकरण साधं होतं. त्याचे वडील वारले होते. साडेचार एकर शेत, त्यावर वारस नोंद घ्यायची. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडून अर्ज दिला होता. तलाठ्याने फेरफार नोंदवायचा, हितसंबंधितांना नोटीस काढायची, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. याला कसली फी नाही. तरी तलाठ्याने पाच हजार मागितले होते. पेरणी तोंडावर आली होती आणि सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय बँक पीक कर्ज देत नव्हती. लाच मागणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. कुठल्या आठवड्यात माणूस नाही म्हणू शकत नाही, याचा हिशेब त्याच्याकडे पक्का असतो.

शेतकऱ्याला वेगळीच भीती होती. त्याला गावात कुणी तरी सांगितलं होतं की आता देणाराही गुन्हेगार ठरतो. ते खरंच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली आणि कलम ८ खाली लाच देणं हाही गुन्हा झाला. पण त्याच कलमात दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवायचं. आणि देण्याआधीच तपास यंत्रणेला सांगून, तिच्या मदतीसाठी दिली तर तो गुन्हाच नाही. उपअधीक्षकांनी कायद्याचं पुस्तक उघडून ते कलम त्याच्यापुढे ठेवलं, त्याच्याकडून वाचून घेतलं. ते मला फार आवडलं. घाईत होते, तरी दहा मिनिटं त्यासाठी दिली. घाबरलेला तक्रारदार पुढे कुठल्याच टप्प्यावर टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असणार.

बाहेर लोकांना वाटतं तक्रार आली की लगेच सापळा. तसं होत नाही. आधी पडताळणी. मागणी खरोखर झाली आहे का, हे पंचासमोर सिद्ध व्हावं लागतं, कारण या कायद्यात सगळं काही मागणीवर उभं आहे. नुसत्या नोटा सापडल्या म्हणून शिक्षा होत नाही. कुणी रागाने तलाठ्याच्या खिशात पैसे कोंबूनही त्याला अडकवू शकतो, आणि तसं होऊ नये ही सुद्धा यंत्रणेचीच जबाबदारी आहे. मला पंच या संस्थेचं मोल इथे पहिल्यांदा उमगलं. पंच तक्रारदाराच्या बाजूचा नसतो. तो जे घडलं त्याच्या बाजूचा असतो.

रेकॉर्डर आमच्यासमोर रिकामा असल्याची खात्री केली, शेतकऱ्याच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि आम्ही दोघं तलाठी कार्यालयात गेलो. मी त्याची चुलतबहीण म्हणून. दुसरे पंच पथकासोबत लांब थांबले.

खोलीत एक मोठा लोखंडी कूलर घरघरत होता. तलाठ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"माही चुलतबहीण जी. बँकेत जाचं हाय, सोबत आली."

मग शेतकऱ्याने विषय काढला. "साहेब, ते पाच हजार लय होतात जी. काही कमी करा ना."

"मी एकटा ठेवतो का? वरही बघावं लागते." थोडं थांबून, "बरं, तीन कर. उद्या दुपारी घेऊन ये, नोंद लगेच घेतो."

मी टेबलापासून दोन हातांवर उभी होते. शब्द न् शब्द ऐकला. बाहेर आल्यावर माझे पाय थरथरत होते, आणि राग येत होता तो त्याच्या आवाजाचा. त्यात धमकी नव्हती, लाजही नव्हती. भाजीचा भाव करावा तसा बोलला. त्या खुर्चीत बसून तो रोज असाच बोलत असणार आणि समोरचे रोज मान हलवत असणार.

रेकॉर्डिंग ऐकून पडताळणी पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सापळ्याची तयारी.

शेतकऱ्याने पाचशेच्या सहा नोटा आणल्या होत्या. एकेक नंबर पंचनाम्यात उतरवला, आम्ही पडताळून पाहिला. मग फिनॉलफ्थॅलिनची पांढरी पूड. बारावीला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हीच पाहिली होती. आधी एका ग्लासात सोडियम कार्बोनेटचं पाणी करून आम्हाला दाखवलं, रंगहीन. साध्या कागदाला लावलेलं बोट बुडवलं, काही नाही. पूड लावलेल्या कागदाला लावलेलं बोट बुडवलं, आणि पाणी गुलाबी झालं. काही ठिकाणी अँथ्रासीनची पूड वापरतात, ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. आमच्या सापळ्यात ही गुलाबी होती.

इथली शिस्त लिहिण्यासारखी आहे. नोटांना पूड लावणारा हवालदार पथकात येत नाही, तो मागे कार्यालयातच थांबतो. पुडीची बाटलीही तिथेच राहते. शेतकऱ्याची झडती घेतली, त्याच्याकडे मोबाइल सोडून काही राहू दिलं नाही, आणि नोटा त्याच्या खिशात दुसऱ्याने ठेवल्या. सगळ्यांनी हात साबणाने धुतले. शेतकऱ्याला बजावलं: तो मागेल तेव्हाच पैसे द्यायचे, आपणहून पुढे करायचे नाहीत, हस्तांदोलन करायचं नाही. या प्रत्येक अटीमागे कधी तरी कुठल्या तरी न्यायालयात विचारला गेलेला एखादा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नावर सुटलेला एखादा आरोपी.

इशारा काय, यावर बोलणं झालं. शेतकरी म्हणाला, दुपट्ट्याने तोंड पुसतो. उपअधीक्षकांनी मान हलवली, मे महिन्यात तोंड सगळेच पुसतात. मग ठरलं की दुपट्टा गळ्यातून काढून डोक्याला बांधायचा.

दुपारी आम्ही पुन्हा त्या खोलीत. तलाठ्याने फेरफाराची वही पुढे ओढली आणि म्हणाला, "आणले का?" शेतकऱ्याने नोटा काढल्या. त्याने हातात घेतल्या नाहीत. वही उघडी करून बोटाने दाखवलं, इथे ठेव. माझ्या पोटात गोळा आला. दोन मिनिटं तो अर्जावर काही लिहीत राहिला, मग वहीतल्या नोटा काढून, मोजून सदऱ्याच्या खिशात घातल्या. शेतकरी दाराशी गेला, दुपट्टा डोक्याला बांधला.

पथक आत आलं. कुणी आरडाओरडा केला नाही. अधिकाऱ्यांनी ओळखपत्र दाखवलं, त्याचे दोन्ही हात मनगटाशी धरले. दोन ग्लासांत दोन हात वेगवेगळे बुडवले. उजव्या हाताचं पाणी गुलाबी झालं, डाव्याचंही. सदरा काढून खिसा उलटा करून धुतला, तेही पाणी गुलाबी. पाणी बाटल्यांत भरलं, लाखेचं सील लावलं, चिठ्ठ्यांवर आम्हा पंचांच्या सह्या. नोटांचे नंबर सकाळच्या पंचनाम्याशी दुसऱ्या पंचांनी जुळवले. तलाठ्याने प्यायला पाणी मागितलं, हवालदाराने ते दिलं. मला त्या क्षणी आनंद झाला नाही. माझ्यासारखाच तिसऱ्या वर्गातला सरकारी नोकर तिथे बसला होता, कदाचित माझ्याच वर्षी भरती झालेला. पण तीन हजारांसाठी त्याने एका घराची पेरणी अडवून धरली होती, हेही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

पंचनामा रात्रीपर्यंत चालला. प्रत्येक पान वाचायचं, मग सही. मी दोन ठिकाणी थांबवलं. एके ठिकाणी आलोसेने पैसे ‘स्वीकारून खिशात ठेवले’ असं आलं होतं. मी म्हटलं, तसं नाही, आधी वहीत ठेवायला लावले, मग काढून मोजले. बदल झाला. कुणी तोंड वाकडं केलं नाही. साक्षीच्या दिवशी याच वाक्याने मला तारलं.

पुढचं काम यंत्रणेच्या गतीने होतं. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ प्रमाणे निलंबन मानीवच असतं, म्हणजे झालंच असं धरतात, तसं ते झालं. शेतकऱ्याचे तीन हजार मुद्देमालात अडकले होते, ते विभागाने त्याला आपल्या निधीतून परत केले. नव्या तलाठ्याने नोंद घेतली, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली. आवाजाचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत गेले. मग कलम १९ खालची मंजुरी. लोकसेवकावर खटला चालवायला त्याला नोकरीवरून काढू शकणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, तलाठ्याच्या बाबतीत ती प्रांताधिकाऱ्यांची. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निर्णय द्या, फार तर एक महिना आणखी. खूप प्रकरणं इथे रखडतात. आमच्या प्रकरणात मुदतीत आदेश निघाला, आणि तो कागदपत्रं वाचून, कारणं लिहून काढलेला होता. आपल्याच हाताखालच्या माणसाविरुद्ध ती सही करणं सोपं नसतं. सापळा विभागाने लावला, पण महसूल खात्याने स्वतः लाचेविरुद्ध काही केलं असेल तर ते त्या सहीत.

त्यानंतर वर्षं गेली. मध्ये करोना येऊन गेला. हा काळ पंचाच्या दृष्टीने सर्वांत कठीण, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. ऑफिसात काही जण माझ्यासमोर गप्प व्हायला लागले. एका ज्येष्ठाने समजुतीच्या स्वरात सांगितलं, "आपलीच माणसं आहेत, मॅडम." मग एक लांबचे नातेवाईक घरी आले. तलाठ्याचे कुणी तरी लागत होते. त्याची नोकरी लटकली आहे, लेकरं शिकताहेत, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "खोटं बोल असं कुठं म्हणतो मी? आठवत नाही म्हण, बस." चहा घेऊन आलेल्या सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तिला आठवते तं ती नाही आठवत कशी म्हणन?" ते लवकरच उठले.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मला कळलं की तक्रारदाराची साक्ष आधीच झाली होती आणि तो फितूर झाला होता. म्हणाला, ते पैसे हातउसने घेतले होते, ते परत केले. लाचेच्या खटल्यात हा बचाव नेहमीचा आहे. न्यायालयाच्या व्हरांड्यात तो मला दिसला, नजर चुकवून गेला. मला त्याचा राग आला नाही. त्याला त्याच गावात राहायचं आहे, शेतात जायचा रस्ता दुसऱ्यांच्या धुऱ्यावरून जातो, आणि पाच वर्षं कुणीही त्याच्या पाठीशी उभं नव्हतं. सापळ्याच्या दिवशी त्याच्याभोवती सरकारची एवढी माणसं होती, नंतर एकही नाही. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी फट हीच आहे.

सरकारी वकिलांनी मला एक गोष्ट समजावली. पूर्वी तक्रारदार उलटला की खटला बहुधा कोसळायचा. १५ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता खटल्यात स्पष्ट केलं की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी मागणी इतर पुराव्याने, दुसऱ्या साक्षीदाराच्या तोंडून किंवा परिस्थितीवरून, सिद्ध करता येते. मागणी सिद्ध व्हायलाच हवी, ती अट मात्र कायम. म्हणजे आमच्या खटल्यात ती मागणी ऐकलेली, अजून बोलणारी, मी एकटी उरले होते. रेकॉर्डिंग होतंच, पण त्या खोलीत तेच शब्द बोलले गेले हे सांगायला माणूस लागतो.

उलटतपासणी दुपारभर चालली. कूलरचा आवाज किती होता? मोठा होता. मग तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही? ऐकू आलं, मी टेबलाजवळ उभी होते. पंचनामा आधीच टाइप करून ठेवला होता, तुम्ही फक्त सह्या केल्या? असं म्हणणं खरं नाही. विभागाच्या अधिकाऱ्यांचा तुमच्यावर दबाव होता? असं म्हणणं खरं नाही. मी पंचनाम्यात बदल सुचवला आणि तो केला गेला. वहीतल्या नोटांचं ते वाक्य तिथेच पानावर होतं. बचावाच्या वकिलांनी ते वाचलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ते त्यांचं काम करत होते, मला त्याबद्दल तक्रार नाही. आरोपीला असा कसून बचाव मिळतो म्हणूनच निकालाला किंमत असते. जे आठवत नव्हतं, उदाहरणार्थ कपाट कुठल्या भिंतीशी होतं, ते आठवत नाही असंच सांगितलं.

विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली. कलम ७ खाली किमान तीन वर्षं आहे, ती आणि दंड. नागपूर खंडपीठात अपील दाखल आहे, शिक्षा तूर्त स्थगित आहे. अपिलाचा निकाल काय लागेल त्यावर मी काही बोलणार नाही.

दरम्यान बरंच सुधारलंही आहे. वारस नोंदीचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो, लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, विनाकारण काम अडवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड होऊ शकतो. विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर प्रत्येक कार्यालयात लावलेला आहे. हे सगळं हवंच. माणसामाणसातली भेट जितकी कमी, तितकी मागायची संधी कमी. तरी शेवटची सही कुणाच्या तरी हातात राहते, आणि ती अडली की पुन्हा कुणाला तरी त्या खोलीत जाऊन ऐकावं लागतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका तरुण लिपिकाला पंच म्हणून घेऊन गेले. परत आल्यावर तो हळूच माझ्या टेबलाशी आला आणि विचारलं, "मॅडम, पुढे काय काय होते?" मी त्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. पंचनाम्याचं प्रत्येक पान वाचून सही कर, एक शब्द खटकला तरी बोल. घरच्यांना आजच सांगून ठेव की कुणी तरी भेटायला येईल. आलं की उपअधीक्षकांना लेखी कळव, तोंडी नको. साक्षीआधी सरकारी वकिलांकडून स्वतःचा पंचनामा वाचायला माग, स्वतः सही केलेला कागद पाहून आठवण ताजी करायला कायद्याची मुभा आहे. अंदाजाने एकही उत्तर देऊ नको. आणि त्या दिवशी रजा टाकू नको, साक्ष हे कर्तव्यच आहे. न्यायालयातून हजेरीचं प्रमाणपत्र घे आणि आस्थापना शाखेत जमा करून पोच घे.